समस्त ग्रामस्थ, सायखेडा

आमच्या फिल्मच्या दिग्दर्शकाइतका नम्रपणे जीव खाणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा जन्मला नसावा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाने दहा मिनिटांची फिल्म करायची होती. दिग्दर्शक तो, आणि सुरुवातीची टायटलं, म्हणजे फिल्मचं नाव आणि माणसांची नावं पडद्यावर कशी यावीत, हे काम माझं. मी ते दोन दिवसांचं समजलो होतो, चाललं सव्वा महिना. त्याने माझं एकही डिझाइन नापसंत केलं नाही. केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तो "भारी झालंय" म्हणायचा आणि पाच मिनिटांनी खुर्ची ओढून शेजारी बसायचा. "फक्त अक्षरं जरा थकलेली वाटतात का रे?" अक्षरं ठणठणीत होती. थकलो मी होतो.

प्रत्येक डिझाइन तो कागदावर छापून हॉस्टेलच्या खोलीत उशाशी चिकटवायचा, कारण झोपेतून उठल्याबरोबर जे आवडतं तेच खरं, असं त्याचं मत. शिवाय कॅन्टीनवाला आणि वॉचमन यांची मंजुरी लागायची ती वेगळीच. एकदा मिसळ खाताना समोरच्या अनोळखी काकांपुढे त्याने मोबाइल धरला. काकांनी तर्रीचा हात पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, "काळ्यावर पांढरं बरं नाय दिसत. कोणी गेल्यासारखं वाटतं." झालं, माझी आठ दिवसांची मेहनत काकांनी पावाबरोबर खाल्ली. मग नदीच्या वाळूत बोटाने लिहिलेली अक्षरं झाली, कांद्याच्या गोणीवर छापलेली झाली, पाटीवर खडूची झाली. मातीच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेली नावं, हे अकरावं. ते त्याला सकाळी उठल्यावरही आवडलं, आणि मी देवाला हात जोडले.

पण खरं दुखणं पुढेच होतं. शूटिंग त्याच्या गावी, सायखेड्याला, पाच दिवस झालं होतं. बैलजोडी, जनरेटर, भाकऱ्या, सगळं गावाने दिलं, आणि याच्या वहीत त्रेसष्ट नावं जमली. एकेकाला दीड सेकंद म्हटलं तरी दीड मिनिट. फिल्म आधीच काठोकाठ भरलेली, आणि दहा मिनिटांवर एक सेकंद गेला तरी मॅडम ती तपासणार नव्हत्या. मी म्हटलं, "एकच ओळ टाकू. विशेष आभार, समस्त ग्रामस्थ, सायखेडा." तो म्हणाला, "समस्त ग्रामस्थांनी भाकऱ्या नाही थापल्या रे. माणसांनी थापल्या."

आडनावं गाळायची, या अटीवर मी हरलो. त्यात वहीतली निम्मी नावं 'दत्तूची आई', 'सोपानची मामी' अशी. तर हा एका रविवारी बसने गावी जाऊन दारोदार फिरला आणि बायकांना त्यांची स्वतःची नावं विचारून आला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या म्हणे. आणि आल्या आल्या त्याने नदीवरच्या धुक्याचा दीड मिनिटाचा शॉट काढून टाकला. चार पहाटे कुडकुडत मिळवलेला शॉट, फिल्ममधली एकमेव देखणी गोष्ट. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मार्क बेताचेच पडले. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि त्याने मला चहा पाजला.

मग एका संध्याकाळी समाजमंदिराच्या भिंतीवर पडदा लावून फिल्म गावाला दाखवली. नावागणिक शिट्ट्या, टाळ्या, पाठीवर थापा. मधेच 'यमुना' असं नाव आलं आणि शिट्ट्या थांबल्या. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. "ही कोण? आपल्या गावात नाय कोणी यमुना."

मागच्या बाजूला दत्तूची आई उठून उभी राहिली. पाच दिवस आमच्या भाकऱ्या थापल्या त्या तिनेच. लग्नात नाव बदललं तेव्हापासून गाव तिला सुमनबाई म्हणत होतं. "मी हाय ती," ती म्हणाली. "पोरानं इचारलं, मावशे, तुझं नाव काय. तवा हेच तोंडात आलं."

दत्तू चांगला तिशीचा बाप्या. तो मागे वळला. "आई, हे तुझं नाव हाय?"

"व्हतं," म्हणाली, आणि खाली बसली.

या नावाच्या जागी मी समस्त ग्रामस्थ लिहायला निघालो होतो, याची मला फार लाज वाटली.

गर्दी पांगल्यावर दिग्दर्शक हळूच जवळ आला. "यमुना जरा घाईत गेली रे. दोन सेकंद वाढवता येतील?" मार्क पडून गेले होते, ती फिल्म पुन्हा कोणी तपासणार नव्हतं, आणि मी तर पार दमलो होतो. पायरीवर बसून मी लॅपटॉप उघडला आणि दोन सेकंद वाढवले.

पुढे तो मालेगावला नोकरीला लागला, फिल्म त्याने पुन्हा केली नाही. दहा मिनिटं दोन सेकंदांची ती प्रत माझ्याकडेच राहिली. कामाचा अगदी कंटाळा आला की मी ती लावतो, आणि नावं संपली की बंद करतो.