अकरा वजा केले

हसायचं तर हसा, पण आधी सगळं ऐका आणि सांगा, माझ्या जागी तुम्ही वेगळं काय केलं असतंत?

सुट्टीची विमानाची तिकिटं कधी काढायची, या एका काळजीने त्या थंडीत माझी झोप उडाली होती. फरीदाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत जितके फ्लॅट तितकी मतं. समोरच्या भाभी म्हणायच्या, सहा महिने आधी काढा. निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, थांब, शेवटी भाव उतरतात.

आणि मी पाच वर्षांच्या जुईला शब्द देऊन बसलेले. पुढचा गणपती पुण्याला आजोबांकडे, आणि मूर्ती दुकानातून घरी येईल ती तिच्याच मांडीवर! तिने आजवर फक्त दिल्लीतल्या मंडळाचा गणपती पाहिलेला, तोही लोकांच्या पाठींमधून.

अशात एका विमान कंपनीचा सेल लागला. दोनच दिवस. पैसे परत नाहीत, तारीख बदलणार नाही.

पण पुढची चतुर्थी कधी? मराठी कॅलेंडर सासूबाई पुण्याहून पाठवतात, ते यायला जानेवारी उजाडतो. निखिल म्हणाला, आईला फोन करून विचार ना. मी स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी., मी कशाला विचारतेय? गेल्या तीन वर्षांच्या तारखा मांडल्या. गणपती दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी आलेला. अकरा वजा केले, तीन तिकिटं काढली आणि मगच ऐटीत सासूबाईंना फोन लावला.

त्या हळूच म्हणाल्या, "अगं, पुढच्या वर्षी अधिक महिना आहे. गणपती तुमच्या तारखेनंतर चांगला महिनाभराने येतोय."

"अच्छा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तरी या हो. आम्ही आहोतच. फक्त गणपती नसेल."

निखिलने तिकिटांची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

जुईने तोवर अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. शेवटी तिला समोर बसवलं आणि सगळं कबूल केलं: मम्माने घाईघाईत तिकिटं काढली, आता आपण पोहोचू तेव्हा बाप्पा आलेलाच नसेल. ती भोकाड पसरणार म्हणून रुमालही हातात तयार ठेवला.

ती रडली नाही. थोडा विचार केला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी समजुतीने म्हणाली,

"मम्मा, बाप्पाची टिकट पापाला काढू दे."