मटणाच्या आधी आलेला लिंबाचा बर्फ

लिंबाच्या चमचाभर बर्फावरून मी चौदा वर्षांची नोकरी सोडली.

जेद्दाच्या बलद बाजारात मी माझ्या कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाचं, मोबाइलचं दुकान चालवायचो. रत्नागिरीहून एक बॅग घेऊन आलो होतो, आणि सांगितलेल्या किमतीला जन्मात कधी हो म्हटलं नव्हतं. मग नियम आला: काउंटरवर फक्त सौदी माणूस. आता माझं काय, हे कफील महिनाभर सांगेना. आणि एका शुक्रवारी त्याने मला, बायकोला आणि मुलीला फ्रेंच हॉटेलात दुपारी जेवायला बोलावलं.

"काढायचं असतं तर दुकानातच सांगितलं असतं," बायको म्हणाली. "एवढा खर्च कशाला करेल?"

"निरोपाची दावत आहे ती."

परातीएवढ्या ताटल्यांत सुपारीएवढं खाणं येत होतं. सूप झालं, मासा झाला, मटण यायचं होतं. तेवढ्यात अत्तराच्या बाटलीएवढ्या पेल्यात लिंबाचा गोड बर्फ आला. चमचा तोंडात घातला आणि मी गप्पच झालो. (इतका गप्प मी स्वतःच्या लग्नातही नव्हतो.) माशाचा वास, लोण्याचा तवंग, महिनाभराचा कडवटपणा, सगळं कुणीतरी झाडून नेलं. ही जीभ माझीच का, अशी शंका आली. माणसाच्या हाताला हे जमतं?

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे गोड आलं की पाहुण्याने हात धुवायचे. म्हणजे जेवण संपलं. मटणाच्या आधीच!

मी उठलो. चिडलो की मला फक्त मराठी येतं. "चौदा वर्षं राबलो, आणि मटण न वाढता हाकलतोस? खलास. नको मला तुझी नोकरी."

मी काय म्हणतोय ते विचारायला कफील माझ्या मुलीकडे वळला.

"अहो, बसा," बायको कुजबुजली.

बसलो तर मी कसला? बाहेर असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान होत होती. तडक चालू पडलो.

दोघी तासाभराने बाहेर आल्या, चांगल्या तृप्त. (मटण कसं होतं, ते अजून मला नीट सांगत नाहीत.)

"पापा, वो आइस तो मटन के पहले मुँह साफ करने के लिए था," मुलगी म्हणाली.

"आणि कफील?"

"तुम्ही काय बोललात ते त्याला कुठे कळलं?" बायको म्हणाली. "हिने इंग्रजीत सांगितलं, नमाजाची वेळ झाली म्हणून माफी मागून गेले. तो म्हणाला, नमाजासाठी पुढ्यातलं ताट सोडून उठतो, असाच माणूस पाहिजे. काउंटरऐवजी आता मालाचं गोदाम तुमच्याकडे दिलंय. पगार वाढवून."

आयुष्यभर मी घासाघीस केली. पण माझा सगळ्यात फायद्याचा सौदा ठरत होता, तेव्हा मी बाहेर उन्हात स्वतःच्याच गाडीच्या टायरला लाथा घालत होतो.