खिळ्यावरचं जाकीट

जंगलखात्यात गंधसापळे टांगणाऱ्या त्या माणसाला सगळे सापळेकाका म्हणत. पाइनचं झाड तहानेनं खंगलं की त्याचा वास बदलतो आणि साल पोखरणारे भुंगेरे तो हुंगत येतात. पहिले आत शिरले की स्वतःचा वास सोडून बाकीच्यांना बोलावणं धाडतात. हाच बोलावण्याचा वास कारखान्यात बनवून पुड्यांत भरलेला असे. काका पुडी सापळ्यात अडकवत, आणि सापळा झाडांपासून लांब, मोकळ्यावर. नव्या माणसांना दम देत, "पुडी झाडाजवळ नेलीस तर तू किडे पकडत नाहीस, त्यांना जेवायला बोलावतोस."

घरासमोर एकच पाइन होता, बायकोनं लावलेला. ती गेल्यापासून काका संध्याकाळी त्याच्याच बुंध्याला टेकून बसत. कामाचं जाकीट घरात आणायचं नाही, हा तिचा दंडक. वासानं डोकं उठतं, म्हणायची. तिनंच बुंध्यात खिळा ठोकून दिला होता. ती गेली, तरी जाकीट खिळ्यावरच राहिलं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. उन्हाळ्यात माहेरी आलेली मुलगी अंगण झाडताना म्हणाली, "बाबा, झाडाखाली भुसा कसला पडलाय? कॉफीच्या भुकटीसारखा."

काका हातातला चहा ठेवून उठले. खिळ्याभोवती सालीला भोकंच भोकं. धडधाकट झाड राळ ओतून किड्याला बुडवतं. इतकी वर्षं यानंही निभावून नेलं असणार. आता राळेचा टिपूस नव्हता.

"औषध मारू या ना."

"आत गेलेत ते. बाहेरून काय मारणार?"

"पण शेंडा हिरवागार आहे, बाबा."

"मेल्याचं त्याला अजून कळलेलं नाही."

काकांनी जाकीट उतरवून नाकाशी धरलं. त्यांना कसलाच वास आला नाही. त्यांनी ते मुलीपुढे केलं. तिनं तोंड फिरवलं.

"आईला हाच वास यायचा," ती म्हणाली.

आतल्या किड्यांची पिल्लं उडायच्या आत झाड पाडायचं, साल सोलून जाळायची. लोकांच्या अंगणांत काकांनी हे कितीदा तरी सांगितलं होतं, रडणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा. दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या करवत घेऊन आला.

"काका, खिळा काढा आधी. साखळी तुटेल."

पक्कड लावून काका बराच वेळ झटले. लाकडानं खिळा मुळापासून गिळला होता.

"नाही निघायचा. तिनं ठोकलाय. वरून काप."

झाड आडवं झालं. उरलेल्या खुंटाची साल काकांनी एकट्यानं सोलली, खिळ्याभोवतीची हलक्या हातानं. जाकीट त्या दिवशी त्यांनी रस्त्यापलीकडच्या तारेवर टांगलं होतं.