तापातली खिचडी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला एक मोठा निबंध लिहायला सांगितला. लढाया आणि तह मुलांनी आधीच वाटून घेतले होते. मी उरले तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही असं करा, ग्वाल्हेरची माणसं काय खात आली ते लिहा. घरात, दरबारात, बाजारात." वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नमुने पण आणायचे न, सर?" मी खाली मान घालून विषय वहीत लिहून घेतला. घरी जाईपर्यंत मात्र तो मला आवडायलाही लागला होता.

त्या वर्षी घराघरांत एकच बोलणं होतं. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, मध्य भारत नावाचं राज्य झालं होतं, आणि आता तेही मोडून मोठ्या मध्य प्रदेशात जाणार होतं. राजधानी भोपाळला. माझे बाबा मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत होते. कुणाची बदली होणार, कुणाला इथेच ठेवणार, याच्या याद्या रोज नव्या निघत आणि संध्याकाळपर्यंत खोट्या ठरत. आई नवं लोणचंसुद्धा घालत नव्हती. "बरण्या कोण वाहून नेईल?" म्हणायची.

बाबांना माझ्या निबंधाचं कौतुक वाटलं, बहुधा त्या याद्यांपासून तेवढीच सुटका म्हणून. बाजारातलं खाणं चाखल्याशिवाय कसं लिहिणार, असं मी म्हटल्यावर एका रविवारी सकाळी त्यांनी मला किला गेटला नेलं. आमच्या घरात बाहेरचं खायची पद्धत नव्हती. मुलींची तर नव्हतीच. एका कढईपाशी आम्ही उभे राहिलो. उडदाची डाळ भरलेली टम्म बेडई आणि बटाट्याची जळजळीत पातळ भाजी, पानाच्या द्रोणात. बाबांनी आधी इकडे तिकडे पाहिलं, मग पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसायला लागले. "आईला सांगू नकोस हं," म्हणाले. कढईमागचा माणूस कोण, कुठला, हे आम्ही विचारलं नाही.

दरबारातल्या खाण्यासाठी मी आचारीकाकांकडे गेले. लष्कर या आमच्या भागातल्या मराठी घरांत त्यांना सगळे ओळखत. ते पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होते. विलीनीकरणानंतर तिथली माणसं कमी केली, त्यात तेही घरी बसले. मग मुंजी, लग्नं, श्राद्धं अशी कामं घेऊ लागले. सोवळ्यात स्वयंपाक करत, कडक. त्यांचा मसालेभात असा असे की भातात मसाला दिसायचा नाही, पण पंगतीत वाढायला निघाला की ओसरीवरची माणसं बोलायची थांबत. लोक त्याला दरबारी भात म्हणत. माझ्या मुंबईच्या मावशीने एकदा त्यांना रीत विचारली तर ते नुसते हसले होते.

शिंदे की छावनीत दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. मी वही घेऊन गेले तेव्हा त्यांना काय करावं कळेना. कुणी त्यांना बसवून काही विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी फक्त पदार्थांची नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी कुठल्या सणाला काय. तिसऱ्या दिवसापासून माझी वाट पाहू लागले. काकू म्हणायच्या, "तू आली नाहीस की दहा वेळा बाहेर जाऊन बघतात गं."

एक दिवस मी भाताबद्दल विचारलं. ते पंच्याच्या टोकाशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "ती रीत माझी नाही, बेटा."

पाहुण्यांसाठी वाड्यात वेगळा मुदपाकखाना होता. तिथे एक मुसलमान खानसामा होते. काका त्यांना उस्तादजी म्हणत. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये विहिरीचं अंगण होतं. तिथे सावलीत दोघं आपापल्या बाजूला बसत आणि बोलत. काकांनी त्यांना आपला गोडा मसाला कसा भाजायचा ते सांगितलं. त्यांनी काकांना सांगितलं की मसाला पुरचुंडीत बांधून पाण्यात उकळावा, पुरचुंडी काढून टाकावी, आणि त्या पाण्यात तांदूळ शिजवावा. मग झाकणाच्या कडेला कणीक लावून वर निखारे ठेवावे. "ते मला म्हणायचे, पंडितजी, चावल को सताओ मत, उसको आराम दो." काका ते वाक्य त्यांच्या आवाजात बोलले आणि स्वतःशीच मान हलवत राहिले.

मी लिहीत होते. ते पुढे बोलत गेले. एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. काकू माहेरी होत्या. तीन दिवस वाड्याच्या मागच्या कोठडीत ते पडून होते आणि चौकशीला आपलं कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी उस्तादजींनी पातळ मुगाची खिचडी केली, झाकून स्वतः घेऊन आले आणि दाराबाहेर ठेवून म्हणाले, खाणं न खाणं तुमच्यावर आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. खाल्ली. सगळी खाल्ली, बेटा. प्रायश्चित्त पण नाही घेतलं. कशाचं घेऊ?"

काकू आतून बाहेर आल्या होत्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

निघताना काकांनी विचारलं, "हे सगळं लिहितेस का गं?"

"अभ्यासासाठी आहे, काका," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आठवडाभर आधी सर मला म्हणाले होते की निबंधातला चांगला भाग कॉलेजच्या अंकाच्या मराठी विभागात घेऊ. गणपतीत अंक निघायचा. हे मी काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती खिचडी काढून टाकायला लावली असती, हे मला माहीत होतं. आणि माझ्या सगळ्या लिखाणात ती एकच गोष्ट खरी जिवंत होती, हेही मला माहीत होतं.

नाव मी लिहिलं नाही. "छावनीत राहणारे एक वृद्ध आचारी, ज्यांच्या हातचा दरबारी भात आपण सर्वांनी खाल्ला आहे," एवढंच लिहिलं. मला ते फार जबाबदारीचं वाटलं होतं.

अंक निघाला. सरांनी वर्गात दोन परिच्छेद वाचून दाखवले. बाबांनी अंक कचेरीत नेला. बदल्यांच्या धास्तीने माणसं नुसती बसलेली असायची, त्यांना वाचायला काहीतरी मिळालं. तो अंक टेबलाटेबलावर फिरला आणि मग घरोघरी गेला. बाबा मोठ्या आनंदाने सांगायचे, "आज अमुक साहेबांनी मागून घेतला." मीही ऐकत बसायचे.

गणपती संपले आणि पितृपक्ष लागला. आमच्याकडे आजोबांचं श्राद्ध दर वर्षी आचारीकाकांच्या हातचं. तिथीच्या दोन दिवस आधी मी आईला विचारलं, "काकांना निरोप गेला न?"

आई तांदूळ निवडत होती. "यंदा दुसऱ्यांना सांगितलंय."

"का?"

"का म्हणजे? तूच लिहिलंस न?"

मी भांडले. ताप होता, तीन दिवस उपाशी होते, किती वर्षं झाली त्याला, सगळं बोलले. आई शांतपणे म्हणाली, "मला काही वाटत नाही गं. पण जेवायला येणारे ब्राह्मण विचारतात, त्यांना काय सांगू? देवाघरी गेलेल्या माणसाचं काम आहे." मी बाबांकडे पाहिलं. बेडई खाऊन हसलेले बाबा. ते खुर्चीत बसले होते, हातात त्या दिवशीच आलेला बदलीचा कागद होता. "या वर्षी राहू दे," एवढंच म्हणाले, आणि तेही माझ्याकडे न बघता.

आमच्यासारखंच सगळीकडे झालं. कुणी काकांना वाईट बोललं नाही. कुणी दारात जाऊन जाब विचारला नाही. नुसता निरोप गेला नाही. पितृपक्षाच्या पंधरा दिवसांत त्यांना एकाही घरचं बोलावणं आलं नाही. दिवाळीनंतरच्या दोन मुंजी ठरल्या होत्या, त्याही गेल्या. लोक म्हणाले, तसंही अर्धं लष्कर भोपाळला चाललंय, कामं राहिलीत कुठे? खरंच लोक चालले होते. रोज कुणाचं तरी सामान बांधलं जात होतं. काही दिवस मीही तेच कारण धरून बसले.

शेवटी एका दुपारी मी छावनीत गेले. दार काकूंनी उघडलं.

"आता काय विचारायचं राहिलंय?" त्या म्हणाल्या.

काका आतून म्हणाले, "येऊ दे तिला." पाट दिला, पाणी दिलं. मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तू खोटं काही लिहिलं नाहीस. मी वाचून घेतलं कुणाकडून तरी. उस्तादजींचं चांगलं लिहिलंस."

"काका, मी सगळ्यांकडे जाते. सांगते की माझी चूक झाली, मी मनचं लिहिलं."

"म्हणजे मी खिचडी खाल्ली नाही म्हणून सांगणार?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ते नको. ते अजिबात करू नकोस."

काकू आत भांडी हलवत होत्या. मी उठले तेव्हा काका म्हणाले, "अभ्यास कर. आता जाऊ दे, जो हो गया सो हो गया." दारापर्यंत आले, पण मागच्यासारखं "परत ये" म्हणाले नाहीत.

बाबा नोव्हेंबरात भोपाळला गेले. माझ्या परीक्षेसाठी आई आणि मी मागे राहिलो. त्या हिवाळ्यात रजेवर आलेल्या बाबांना स्टेशनवर पोचवून परतताना जवळच्याच पडाव भागात एका हॉटेलच्या दर्शनी भट्टीपाशी मला काका दिसले. प्रवाशांसाठी पुऱ्या तळत होते. अंगात बंडी, गळ्यात जानवं, समोर काळं झालेलं तेल. मालक ओरडत होता, "महाराज, जल्दी करो, गाडी का टाइम है!" काकांनी मला पाहिलं. आईनेही त्यांना पाहिलं आणि टांगेवाल्याला पुढे चल म्हणाली. मी मागे वळून बघत राहिले. त्यांनी पुन्हा मान वर केली नाही.

निबंधाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सर म्हणाले, एम.ए.ला हाच विषय घ्या. मी दुसरा घेतला.

भोपाळला आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं. शेजारी निम्मे लष्करातलेच. पुढच्या पावसाळ्यात ग्वाल्हेरहून आईच्या मैत्रिणीचं पत्र आलं. आई ते मोठ्याने वाचत होती. कुणाला नातू झाला, कुणाचं घर विकलं, आणि मध्येच एक ओळ: आपले आचारी गेले, पडावावरची नोकरी कधीच सुटली होती, थंडीपासून अंथरुणालाच खिळून होते.

आई थांबली. "हात फार चांगला होता हो त्यांचा," म्हणाली. मग पुढचं वाचू लागली.

मी विचारलं, "चौकशीला कुणी जात होतं का? असं काही लिहिलंय?"

आईने कागद उलटून पाहिला. तसं काही लिहिलेलं नव्हतं.