पालथा शिंपला

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही — आणि मी बाबांना सगळं सांगते, असं आमच्या घरात सगळे समजतात. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अश्विनीला ओळखत नाही, म्हणूनही असू शकेल.

बाबांची पत्रकं दुमडता दुमडता मी वाचायला शिकले. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, हा त्यांचा नियम. शब्द चळवळीचे, माणसाचे नव्हेत. केवढा अभिमान होता मला त्या नियमाचा! पेनसिल्व्हेनियात शिकायला आले, तेव्हाही तो मी सोडला नाही.

अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघी. नागपूरची अश्विनी, न्यूझीलंडची अरोहा आणि मी. मी लॅपटॉपवर जगाला जाब विचारत बसले की अश्विनी ओरडायची, "ए क्रांतिकारक, आधी तुझा कुकर घास!" पण आमच्या विद्यार्थी ग्रुपची पत्रकं वाटायला बर्फातही सोबत यायची ती तीच.

अरोहा माओरी, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या टेबलावर पाउआ या तिकडच्या समुद्री गोगलगायीचा शिंपला असायचा — आतून निळा, हिरवा, जांभळा, हलवला की रंग बदलणारा. तिची आजी खडकांवरून पाउआ काढायची; पहिला समुद्राला परत, मग घरच्यांसाठी. रिकामे शिंपले अरोहा गोळा करायची. लाकडात कोरलेल्या पूर्वजांचे डोळे याच शिंपल्याचे असतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. पण तिचा शिंपला नेहमी पालथा. का, ते तिने एका संध्याकाळी सांगितलं — फक्त मला. आजी गेली तेव्हा परीक्षा होती. अरोहा घरी गेलीच नाही. "उताणा ठेवला की ती माझ्याकडे बघते," म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावात एका संग्राहकाचं प्रदर्शन भरलं. त्यात शिंपल्याच्या डोळ्यांची एक माओरी मूर्ती होती. ज्यांची आहे त्यांना परत करा, असं पत्रक मी एका दमात लिहिलं. शेवट मात्र जमेना. मग — मग मी लिहिलं, की याच गावात एक मुलगी शिंपला पालथा ठेवते. आजीच्या अंत्यविधीला न गेलेली मुलगी.

दुसऱ्याची वस्तू उचलणाऱ्यांविरुद्ध लिहीत होते मी. हे तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणू? कळलं होतं.

लोक थांबून वाचत होते. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला — कसं सांगू — आनंद झाला.

अरोहा ते पत्रक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "हे कोणी लिहिलं?" खाली नाव नव्हतंच. मी म्हणाले, "ग्रुपमधल्या कोणीतरी. अश्विनीने सांगितलं असणार. तू बोलत होतीस तेव्हा ती आतल्या खोलीत होती ना."

इतकं सहज. अडखळलेही नाही.

अश्विनी रडली. "मला तर यातलं काही माहीतच नव्हतं गं! तू तरी सांग ना हिला." आणि मी काय म्हणाले? "जाऊ दे ना अश्विनी, सॉरी म्हणून टाक."

ती म्हणाली सॉरी. अरोहाने तिच्याशी बोलणं सोडलं आणि सेमिस्टर संपताच घर सोडलं. जाताना मिठी मारली ती मला.

अश्विनी आता सांता क्लाराला असते. परवा फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "खरंच मी अर्धवट झोपेत ऐकलं असेल का गं? आणि कोणाजवळ बोलून गेले असेन?"

"असेल," मी म्हणाले.