कानाच्या यंत्रासाठी पांढुर्णा ते सौंसर

भोपाळहून पांढुर्ण्याला उतरलो आणि बाबांचं कानाचं यंत्र बंद पडलं. लोधीखेड्याला माझी आत्या अंथरुणाला खिळली होती. 'एकदा येऊन बोलून जा,' असा तिचा निरोप होता. अकरा वर्षांनी भाऊ भेटायला येणार, आणि त्याला तिचा शब्दही ऐकू येणार नाही! मला रडूच कोसळलं.

फोनवर शोधलं. श्रवणयंत्रांचं एकच दुकान, चार तारे, 'आता उघडे'. रिक्षानं गेलो तर आत खताची पोती.

"ते तर कवाचेच गेले जी," पोत्यांजवळचे गृहस्थ म्हणाले. "फेसबुकात गावाच्या ग्रुपवर टाका ना."

टाकलं. मिनिटाभरात उत्तरांचा पाऊस, पण पत्ता एकाचाही नाही. सगळ्यांचं एकच : "तुमी कोनाचे?" माझा पारा चढला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना माझी कुळी हवी! तरी लिहिलं, लोधीखेड्याच्या शांताबाईंचे भाऊ आलेत.

"शांताबाईचे भाऊ? सौंसरची बस धरा. घड्याळवाले देवरावभाऊ करून देतेत."

"देवरावभाऊ आज बगीच्यात संत्रा तोडून राहिले. मी फोन केला त्याइले."

बसमध्ये कंडक्टरनं बाबांकडे निरखून पाहिलं. "कानवाले बाबा हेच का? मले बगीच्यापाशी गाडी थांबवाले सांगतलं हाय." मी थक्क झाले. खिडकीबाहेर दुतर्फा संत्र्यांचे केशरी ढीग सरकत होते.

सौंसरच्या अलीकडे बस खरंच थांबली. देवरावभाऊ बांधावर क्रेट उलटा टाकून बसले होते, डोळ्याला घड्याळजींचं भिंग. बारीक तारेनं त्यांनी यंत्राची नळी साफ केली आणि ते बाबांच्या कानात बसवलं.

"घाम शिरला व्हता जी. आता बोला काई."

"काय बोलू?" मी म्हणाले, आणि बाबा दचकून हसले. अख्खी बस तोवर थांबलेली, कुणाचीही कुरकुर नाही. ज्यांच्यावर चिडले, त्यांनीच हे घडवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

लोधीखेड्याला पोचलो. आत्याचा आवाज अगदी क्षीण झाला होता.

"आयकू येऊन राहिलं का रे, बाळ्या?"

"येऊन राहिलं, अक्का," बाबा म्हणाले. भोपाळात त्यांचं उभं आयुष्य गेलं; घरी ही बोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

परतीच्या गाडीत त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. पुन्हा बिघडलं की काय, म्हणून मी घाबरून खुणेनंच विचारलं.

"चांगलं चालतंय," बाबा म्हणाले. "पण घरी पोचेपर्यंत तिचंच बोलणं राहू दे कानात."