अडीच इंच

अडुसष्ट साली पाचोरा स्टेशनवर जळगावच्या गाडीची वाट पाहताना एक फोटोग्राफर रोज दिसायचा. लाकडी पट्टीवर कॅमेरा अडीच इंच सरकवून एकाच वस्तूचे दोन फोटो घ्यायचा. दुर्बिणीसारख्या खोक्यातून ते एकत्र पाहिले की फलाटावरच्या कापसाच्या गाठी खऱ्यासारख्या अंगावर यायच्या. मला तो चक्रमच वाटायचा.

"माणसांचे का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

"जित्तं माणूस हालस, भाऊ. दोन फोटोमझार जरासं हाललं का बठ्ठं चित्र बिघडस."

मग त्याने खिशातली फोटोंची जोडी खोक्यात घालून ते माझ्याकडे दिलं. पाच-सहा वर्षांची मुलगी, अंगावर झेंडूची फुलं, डोळे मिटलेले. गाल इतका जवळ आला की मी नकळत हात पुढे केला. बोटं हवेतच राहिली.

"मनी पोर," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाला. "फक्त त्या दिवशी हालनी नही."

खोकं परत घेताना त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"मीबी रोज आसाच हात पुढे करस."